खुर्च्यांचा खो-खो

बाई, काल मी खो-खो खेळले. तुम्ही आम्हाला शिकवलंत त्याच आपल्या शाळेच्या मैदानावर, साठी ओलांडल्यावर, झिजलेला उजवा गुडघा आणि कंबरेत दबलेली शीर घेऊन. आणि आम्ही जिंकलो! अक्षर तुमच्या पसंतीचं येत नाहीये, चालवून घ्या, आज हात थांबतच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या मैदानाभोवती आता चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात, आणि त्यांच्या गॅलऱ्यांमधून काल लोक आमचा सामना बघत होते. तुम्ही असतात तर आधी शिट्टी फुंकून त्या सगळ्यांना गप्प केलं असतंत.

पहिल्यापासून सांगते. नोकरी संपली तेव्हा वाटलं, आता तब्येतीकडे बघायचं. मोबाइलवर एक तरणाबांड पोरगा बैठका मारून दाखवत होता. मी म्हटलं, आपण तर शाळेच्या संघातल्या, बैठकांचं आपल्याला काय नवल! हॉलमध्ये टीव्हीसमोर खोल बैठका काढायला लागले. आठवड्याभरात गुडघा फुगला. तरी थांबले नाही. गुडघा नाही तर नाही, वाकून पायाचे अंगठे धरू म्हटलं. आणि एका सकाळी दूध तापवत असताना कंबरेतून निघून मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत अशी कळ गेली की हातातली सांडशी सुटून खाली पडली. ती उचलायलाही मला वाकता येईना. ओट्याला धरून तशीच उभी राहिले, दूध उतू जाताना बघत.

मग मी दुसरं टोक गाठलं. हलायचंच बंद केलं. होळी गावात भावाची वाडी आहे, तिथे दर रविवारी जायचे, भाजीच्या वाफ्यांतून फिरायचे, ते सोडलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून भाजीवाल्याला वरूनच पिशवी सोडायला लागले. लग्नाकार्यात पंगत टाळायची, देवळात बाहेरूनच नमस्कार. जो तो म्हणायचा, "वय झालं आता." मीही तेच म्हणायला लागले, आणि बाई, ते म्हणणं फार सोपं असतं. एकदा म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

शेजारणीने शेवटी ओढत गोखिवऱ्याला नेलं, एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे. माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने मला झोपवलं, पाय वर उचलून बघितला आणि विचारलं, "काकू, दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

"दुखतं म्हणजे दुखतं," मी म्हटलं.

"असं नाही. ठणकतं, ओढ बसते, की झिणझिण्या येतात? एका जागी राहतं की खाली उतरतं?"

मी कोपरावर उठून तिच्याकडे बघितलं. कारण हा प्रश्न मला आयुष्यात आधी एकाच माणसाने विचारला होता.

तालुक्याच्या सामन्याचा आदला दिवस. मी विहिरीच्या पायरीवरून घसरलेय, गुडघ्याला आईच्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधलीय आणि वर स्कर्ट ओढलाय. तुम्ही मैदानाच्या त्या टोकाला आहात, पांढऱ्या साडीचा पदर खोचून, आणि एवढ्या लांबून तुम्हाला दिसतं की मी उठताना डावा पाय आधी टाकतेय. हाक मारता. "कसं दुखतंय गं?" मी म्हणते, नाही दुखत बाई. "मग बस उकिडवी." मी बसते. डोळ्यांत पाणी येतं, पण ओठ घट्ट. तुम्ही ओरडत नाही, ते जास्त वाईट वाटतं. म्हणता, "मला खोटं सांगतेस ते एक वेळ सोड. पण तो गुडघा तुझ्याशी बोलतोय आणि तू त्यालाच गप्प बस म्हणतेस? अशी पोरगी माझ्या संघात नको." दुसऱ्या दिवशी मी पाण्याची कळशी सांभाळत बसले आणि तुमचा मनसोक्त राग राग केला.

पण त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या भाड्याच्या खोलीवर नेलं होतंत. घरी मी भात खाणारी. ज्वारीची भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली. मिठाच्या गरम पाण्यात फडकं बुडवून माझ्या गुडघ्यावर ठेवलंत आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून भाकऱ्या थापायला लागलात, एक पाय खाली ठेवलेल्या विटेवर. थोड्या वेळाने पाय बदलायचात. पुन्हा बदलायचात. मला वाटलं, घाटावरच्या बायका अशाच उभ्या राहत असतील. मी घरी येऊन आईला तशी नक्कलही करून दाखवली. आणि आता त्या फिजिओवाल्या मुलीने काय सांगितलं असेल? "ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या स्टुलावर ठेवायचा काकू, अधूनमधून बदलायचा. कंबरेवरचा ताण कमी होतो." मी तिथल्या तिथे उठून बसले. बाई, तुमची कंबर दुखत होती! आम्हाला मैदानभर पळवत होतात त्या सगळ्या वर्षांत दुखत असणार, आणि तुम्ही तिच्याशी वीट ठेवून जमवून घेतलं होतंत. पंचेचाळीसेक वर्षांनी मला ती वीट कळली.

त्यानंतर मी मन लावून शिकले. खोल बैठक बंद. त्याऐवजी उंच खुर्ची, तिच्यावर उशी, आणि हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. गुडघा कुरकुरला तर आणखी एक उशी. जमायला लागलं की एक उशी काढायची. पलंगावर उताणं झोपून कंबर उचलायची. ओट्याला धरून टाचा वर. अंगठे धरायला वाकायचं नाही, त्याने शीर ओढली जाते. लांबलचक फेरीऐवजी दिवसातून दोन-तीन छोट्या फेऱ्या. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. मांडी भरून आली, दमली, तर चालू ठेवायचं. कळ खाली उतरायला लागली, पाऊल बधिर वाटलं, की तिथेच थांबायचं आणि दुसरं काहीतरी करायचं. सोडायचं मात्र नाही. पावसाळा संपता संपता एके दिवशी मी उशीशिवाय खुर्चीतून उठले आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी वाडीत गेले, वांग्याच्या वाफ्यांमधून हळूहळू चालत दुसऱ्या टोकापर्यंत. भाऊ म्हणाला, "अरे, ही कुठून उगवली?"

अशात आपल्या संघातली वटार गावची फोन करते. तुम्हाला आठवत असेल, खांबाजवळून हमखास गडी टिपायची आणि मग मोठ्याने येशूचं नाव घ्यायची ती. म्हणाली, "माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे. आपल्या नंतरच्या पोरींनी आपल्याला चॅलेंज दिलंय. खो-खो."

"वेड लागलंय का? मला मांडी घालता येत नाही."

"मला कुठे येते! ये तर खरी."

गेले. जुन्या संघातल्या आणि मागच्या-पुढच्या वर्गातल्या मिळून नऊजणी जमलो. सगळ्या बारीक व्हायच्याऐवजी रुंद झालेल्या. मिठागराकडची अजून तशीच ठसक्यात, "कोन म्हनतं आपन म्हाताऱ्या झालो?" म्हणत सगळ्यांच्या आधी रांगेत उकिडवी बसली. तिचं बघून एकेक करत आम्हीही बसलो. मी कशीबशी, अर्धी. वटारची मागून आली, मिठागराकडचीच्या पाठीला हात लावून ओरडली, "खो!" आणि ती उठेचना. "अगं ऊठ की!" "उठते ना, थांब. हात दे." हात द्यायला पुढची उठायला गेली तर ती बाजूला कलंडली. नऊ बायका मैदानात, एकीलाही उठता येईना आणि हसून हसून सगळ्यांचा श्वास अडकलेला. मग हसू ओसरलं. मिठागराकडची धुळीतच बसून म्हणाली, "नको गं. लोकं हसतील. फोन करून नाही म्हनून सांगा."

आणि तेव्हा बाई, मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं, माझी शीर कशी दबलीय ते. मग एकेक करत सगळ्यांनी सांगितलं. कुणाचे दोन्ही गुडघे, कुणाची टाच, साखरेमुळे कुणाच्या तळपायांना मुंग्या. इतकी वर्षं एकमेकींना लग्नात, मयताला भेटत होतो, पण हे कुणी बोललेलं नव्हतं. मंडपवाल्याच्या खुर्च्या मैदानाच्या कडेला एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी गेले, एक ओढून आणली आणि रांगेच्या जागी ठेवली. "उकिडवं कशाला बसायचं? इथे बसू. आणि पळायचं नाही. नुसतं चालायचं, जोरात."

वटारची म्हणाली, "हा काय खो-खो झाला?"

"खो आहे ना? मग झाला."

तीन महिने आम्ही तयारी केली. सगळ्याजणी आपापल्या घरी खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकत होत्या; फिजिओवाली मुलगी एका रविवारी येऊन प्रत्येकीला बघून गेली, जिचे तळपाय बधिर होते तिला चप्पल नको, बूट घाल म्हणाली, दोघींना तर काही व्यायाम बदलूनच दिले. समोरच्या पोरींनी, म्हणजे त्याही आता चाळिशीच्या, नियम ऐकला आणि खदाखदा हसल्या. हो म्हणाल्या. दोन्ही संघांना खुर्च्या, दोन्ही संघांना चालणंच, एक पाय कायम जमिनीवर.

आणि काल काय झालं म्हणता! त्यांना चालताच येईना. पळायची सवय; जरा वेग आला की दोन्ही पाय हवेत, की हेडबाईंची शिट्टी. आणि खो मिळाला की खुर्चीचे हात धरून रेटत उठायच्या, तेवढ्यात आमची पळती पलीकडे. आम्ही मात्र खो ऐकला की स्प्रिंगसारख्या उभ्या! गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "आज्जी, भारी!" मिठागराकडचीने वर बघून हात हलवला आणि त्या नादात आउट झाली. शेवटच्या डावात बरोबरी होती. त्यांची एकच पळती उरलेली, चपळ, खांबापाशी. मी तिच्या मागे होते, अगदी हाताच्या अंतरावर. मैदान ओरडत होतं. आणि कंबरेत ती ओळखीची झिणझिण उठली, मांडीकडे उतरायला लागली. पूर्वीची मी असते तर झेप घेतली असती. मी थांबले, शेजारच्या खुर्चीतल्या वटारचीच्या पाठीवर हात ठेवला आणि पोटातून ओरडले, "खो!" ती उठली, दोन ढांगांत त्या पोरीच्या खांद्यावर हात, आणि मग येशूचं नाव, इतक्या मोठ्याने की शेजारच्या इमारतीतली कुत्री भुंकायला लागली. मी तिच्या रिकाम्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

आज सकाळी मांड्या भरून आल्यात. झिणझिण नाही. त्या पोरींनी पुढच्या वर्षीचं आव्हान आत्ताच दिलंय आणि चालायची प्रॅक्टिस सुरू करणार म्हणतात. करू देत.

तुमच्या गावाचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि असता तरी तिथे आता हे कोण वाचणार! हे पत्र कपाटात जाईल. तुमची आठवण आली म्हणून लिहिलं, असं म्हणाले तर ते खरंच आहे, पण पूर्ण नाही. कालपासून यांना ही गोष्ट तीनदा सांगून झाली, मुलीला फोनवर दोनदा. मघाशी पुन्हा सुरुवात केली तर हे पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ऐकायला कुणी उरलं नाही बाई, म्हणून तुम्हाला धरलं.