समुद्राकाठचं भाड्याचं घर

बाबा, आम्ही शेवटी समुद्राकाठी राहायला गेलो, आई आणि मी. तुमच्या नाकावर टिच्चून गेलो असं म्हणणार होते, पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. नोएडाचा फ्लॅट रिकामा करायला दोन दिवस एकटीच परत आले आहे आणि सामान बांधायचं सोडून तुम्हाला लिहीत बसले आहे.

मी आठवीत असताना बढतीवर तुमची कोकणात बदली झाली होती. आईच्या दम्यासाठी दिल्ली सोडा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती इतकी खूश झाली की तिथे थंडी नसते म्हणून घरातल्या रजया तिने कामवालीला देऊनही टाकल्या. आणि एका संध्याकाळी तुम्ही क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून नकाराचा अर्ज लिहिता, बढतीवरही पाणी सोडता. आई ओट्याशी पाठ करून उभी आहे. त्या हिवाळ्यात आपण नव्या रजया शिवून घेतल्या. ती दर हिवाळ्यात खोकत राहिली आणि मी तुमच्यावर डूख धरला. एकदा हॉस्पिटलच्या बाकावर तुम्हाला तोंडावर म्हणाले, की तुम्हाला बायकोपेक्षा दिल्ली प्यारी. तुम्ही म्हणालात, "हवा चांगली असेल गं तिथली. माणसांचं काय?" मला वाटलं, आता सबबी सांगताय.

आता मला घरून काम करता येतं. एक घर आवडलं, माडांच्या मागे समुद्र, भाडं नोएडाच्या निम्मं. मालकांनी कोकम सरबत दिलं. आई ओटीवर बसली होती, तासाभरात एकदाही खोकली नव्हती. मूळचे कुठले, त्यांनी विचारलं. वर्ध्याकडचे, मी म्हणाले. आडनाव सांगितलं. मग ते हसून म्हणाले, "म्हणजे कोणापैकी?" दिल्लीत आपलं आडनाव ऐकून लोक एवढंच म्हणतात, "अच्छा, महाराष्ट्रियन." हा प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नव्हता. मी आपली बौद्ध म्हणून सांगून मोकळी झाले. पुतण्याला विचारून कळवतो, असं म्हणत त्यांनी ग्लास उचलले. दोन दिवस आम्ही लॉजवर थांबलो, त्यांनी फोन उचलला नाही. मी पुतण्यालाच नावं ठेवत होते. तेव्हा आई म्हणाली, "बदलीच्या वेळी तुझे बाबा चार घरं बघून आले होते. तुला कळू द्यायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं त्यांनी."

त्या मालकांचा आला नाही एवढा राग मला तुमचा आला. कोणापैकी म्हणजे काय विचारतात, हेसुद्धा मुलीला कळू नये, इतकं जपायचं? आणि तिने आयुष्यभर तुम्हालाच दोष द्यावा, हे चाललं तुम्हाला? मला आता माफीसुद्धा मागता येत नाही.

दुसऱ्या घराच्या मालकीणबाई फार गोड आहेत. कागदपत्रं नकोत, चेहऱ्यावरून माणूस कळतो, म्हणाल्या. आडनाव त्यांनीही विचारलं. मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं सांगितलं. आई शेजारीच उभी होती. तुम्ही समोर असतात तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.

आईला आता रात्री वाफेचं मशीन लागत नाही. मालकीणबाई अंगणातून त्या आडनावाने काकू म्हणून हाक मारतात, तेव्हा मात्र ती वळून बघत नाही. तिला कमी ऐकू येतं, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.