मधली खुर्ची

उम्म अल हस्सम,
१५ ऑगस्ट १९९५

अहो,

इथे आखातात आज सुट्टी नसते, म्हणून रजा घेतली. सकाळी शिरा केला. तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला पंधरा ऑगस्ट, तरी तुमच्या कंपनीतले मोरी आणि बेक दरवर्षीसारखे चहाला आले.

बेकच्या कोरियाचाही आज स्वातंत्र्यदिन, जपानपासूनचा. मोरींच्या जपानचा हरल्याचा दिवस. दोघांच्याही रीतीत आपला कप आपण भरायचा नसतो, म्हणून तुम्ही मध्ये बसून ओतायचात, "यल्ला, चला, कप पुढे करा!" आज मधली खुर्ची रिकामी होती. किटलीला कोणी हात लावेना. मीही मुद्दाम उठले नाही.

बेक म्हणाले, "वहिनी, पासष्ट साली आमच्या सरकारांनी करार केला. तरी माझ्या वडिलांनी जपानी माणसाच्या हातचं पाणीही घेतलं नाही."

मग मोरींनीच दोन्ही हातांनी किटली उचलली. बेकनी बऱ्याच वेळाने कप पुढे केला, तोही दोन्ही हातांनी.

"अश्वजित असता तर ओरडला असता, चहा गार केलात म्हणून," असं म्हणत बेकनी मोरींचा कप भरला.

ते गेल्यावर मी उरलेला चहा गरम केला, माझ्या कपात मीच ओतला आणि प्यायले.

तुमचीच,
भावना