चेस्ट नंबर एकोणीस

४ जून

पडले! ओढ्यात, कमरेपर्यंत, दोरीसकट. आणि पलटणीतून सुट्टीवर आलेला त्रिलोक काठावर बसून टाळ्या वाजवतोय – "लाल रंगाला पाय लागला, मॅडमसाहेब! अख्ख्या टोळीला दंड!" टोळी म्हणजे मी एकटी. लाल रंग म्हणजे गेरू, कालच त्यानं दगडांना फासलाय. सिलेक्शन बोर्डाच्या मैदानावर असेच अडथळे असतात म्हणे. दोन फळ्या, एक ओंडका, एक दोरी, आणि लालला न शिवता वजन पलीकडे न्यायचं. आमचं वजन बटाट्याचं पोतं. तेही भिजलं.

फळ्या गोठ्यातल्या. ईजा वरच्या शेतातून ओरडली, "अगं, म्हैस काय हवेत उभी राहणार? फळ्या आण आधी!" आईला माझ्या लष्करापेक्षा म्हैस मोठी.

१२ जून

बौज्यूंनी आज विषय काढलाच. भातावर भट्टाची डाळ ओतता ओतता. "हंसा, कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल, पण पलटणीत नाही चालत. तू ऑफिसर, हा नाईक. तू मेसमध्ये जेवणार, हा लंगरात. पिठ्या लावून चार महिने झाले तुमची. लग्नाचं काय करणार आहात?" अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आलेत माझे बाबा, त्यांच्याशी वाद कोण घालणार! साखरपुडा झालेला, आणि हे कुणी बोललंच नव्हतं.

त्रिलोक शेजारीच बसलेला, पाठ ताठ. म्हणाला, "मीसुद्धा ऑफिसर होणार, सुभेदारसाहेब. जवानांनाही परीक्षा देता येते. वयाच्या सत्तावीसच्या आत. पुढच्या वर्षी फॉर्म भरतो."

बौज्यूंनी भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "भात घे अजून."

मिटलं! सुटलं! दोघंही ऑफिसर! मी भांडी घासताना गात होते. ईजा म्हणते, "राख भांड्याला लाव, नाकाला नको."

१९ जून

काही नाही. डोकं दुखतंय. ढग घरात शिरलेत.

२ जुलै

डोंगराच्या धारेवर पळत गेलो, पाठीवर पंधरा किलो. वर पोचलो तर पंचाचुली उघडी! पाचही शिखरं, गुलाबी. मी धापा टाकत बसले आणि सुरू झाले माझे खेळ – कुठलंतरी छावणीचं गाव, छोटं घर, अंगणात एकच दोरी, दोरीवर दोन वर्द्या वाळताहेत. एक माझी, एक त्याची. वारा आला की बाह्या एकमेकींत गुंततात. मी खाली उभी राहून त्या सोडवतेय.

"कुठे गेलीस?" त्रिलोकनं विचारलं.

"चेन्नईला, ट्रेनिंगला."

"मग परत ये. आठ मिनिटं जास्त लागलीत आज."

वर्द्यांचं त्याला सांगितलं नाही. हसला असता. नाही, हसला नसता, म्हणूनच नाही सांगितलं.

१३ जुलै

गेला. टनकपूरची बस. खिडकीतून म्हणाला, "तू आधी हो पुढे, मी मागून येतोच." मी हात हलवत राहिले. ड्रायव्हरनं वळणावर हॉर्न दिला तरी हलवतच होते. वेडी.

७ सप्टेंबर

लेखी परीक्षा झाली. इंग्रजी चांगलं, सामान्य ज्ञान जेमतेम. समोरच्या मुलीच्या वेणीत शेवंती होती, दहा मिनिटं तीच बघत बसले. माझं काही खरं नाही.

२१ नोव्हेंबर

पास!! मी शिकवते त्या शाळेत तिसरीच्या पोरांना गोळ्या वाटल्या. एकानं विचारलं, "दीदी, आता तू बंदूक घेणार?" म्हटलं, आधी पाढे म्हण. त्रिलोकला फोन लावला, सीमेवरच्या चौकीत रेंज कुठली! तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. "ठीक. आता खरं काम. रोज एका विषयावर तीन मिनिटं बोलायचं, म्हशीसमोर. म्हैस उठून गेली तर नापास." त्याच्या फॉर्मचं विचारलं. म्हणाला, "होईल गं, आधी तुझं." आवाज तुटत होता. मी पुन्हा नाही विचारलं.

१० फेब्रुवारी, भोपाळ

बोर्डात आले. आता मी हंसा खडायत नाही. छातीवर-पाठीवर कापडी नंबर बांधलाय, एकोणीस. सगळे तेवढंच म्हणतात. पहिल्याच दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावली, आणि दुपारी अर्ध्याहून जास्त जणींना घरी धाडलं. मी राहिले! शेजारची खाट मीनू अहलावतची, रोहतकची, नंबर वीस, तिची चौथी खेप. म्हणते, "एकोणीस, तू डोळे उघडे ठेवून झोपतेस का गं? साहेब बोलत होते आणि तू छताकडे बघत होतीस!" मी म्हटलं, सवय आहे. "मग मैदानावर मोडू नकोस ती सवय," म्हणाली, "पडशील तेव्हा बघायला मजा येईल." फटकळ आहे, पण स्वतःच्या डब्यातला चुरमा पहिल्यांदा मलाच दिला.

११ फेब्रुवारी

आज मानसशास्त्र. अकरा चित्रं दाखवतात, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. बारावं चित्र कोरं असतं. नुसता पांढरा पडदा, तुमची तुम्ही गोष्ट रचा. सगळ्या जणी ती घरूनच तयार करून आणतात. मीही आणलेली, त्रिलोकबरोबर बसून. दोघं जण बर्फात वाट काढतात, एकाचा पाय मोडतो, दुसरा पाठीवर घेतो.

पडदा पांढरा झाला. आमच्या धारेवरचं बर्फच जणू. मला छान वाटलं. मग त्यावर कुणीतरी चालताना दिसायला लागलं, आणि ते एकच जण होतं. मी कितीही बघितलं तरी एकच! पुढे वाट, मागे पावलं. घंटा वाजली, हात आपोआप लिहायला लागला. एकटीचीच गोष्ट लिहिली. चांगली झाली, हेच वाईट आहे.

१२ फेब्रुवारी

मुलाखत. कर्नलसाहेब, डोळ्यांवर बारीक चष्मा, चहा स्वतः ओतून दिला. घरचं विचारलं, म्हशीचं विचारलं, हसले. मग – "नकाशा वाचायला कुणी शिकवलं?"

"नाईक त्रिलोकसिंह बोरा, सर."

"कोण तुझे?"

खोटं कशाला बोलू? "साखरपुडा झालाय, सर."

कप खाली ठेवला त्यांनी. "आणि तू ऑफिसर झालीस, तो नाईकच राहिला, तर?"

"राहणार नाही, सर. तो परीक्षा देतोय. होणार तो."

"खात्री?"

"हो, सर."

माझा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "चहा गार होतोय." बाहेर आले ती थेट पायरीवरच बसले. मीनूला वाटलं घाबरले. तसंच समज म्हटलं.

१४ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. सगळ्या एका खोलीत. साहेब आले, म्हणाले, जे नंबर घेईन त्यांनी पुढे यायचं. सात. नऊ. मग थांबले, कागद उलटला.

"एकोणीस."

मला हलताच येईना. मीनूनं कोपरानं ढोसलं, "जा ना, झोपाळू! तूच आहेस!" तिचा नंबर आला नाही. स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये ती चढली, काचेला नाक लावून मला वाकुल्या दाखवल्या. मग वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभी राहून मी एकदम ढसाढसा रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्तदाब नंतर घेऊ."

१४ जुलै

अंतिम यादी. माझं नाव आहे. आहे! बौज्यूंनी तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा. मग अंगणात जाऊन उगाचच सरपण फोडत बसले. ईजा सगळ्या वाडीत बालमिठाई वाटून आली आणि म्हशीच्या कपाळालाही टिळा लावला. ऑक्टोबरमध्ये चेन्नई. रुजू होताना अविवाहित असायचं, प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. मी सही केली. दिवसभर हवेत आहे, पाय कुठे पडतात कळत नाही.

२३ सप्टेंबर

त्रिलोक मला निरोप द्यायला सुट्टीवर आला. ओढ्याकाठी बसलो. तो पाण्यात खडे टाकत होता. मग बोलला.

फॉर्म भरलाच नाही. भरता येणारच नव्हता. आमच्याकडे प्रत्येकाचे दोन वाढदिवस – पत्रिकेतला एक, शाळेच्या दाखल्यातला दुसरा. त्याला चौथ्या वर्षीच बहिणीच्या सोबतीनं शाळेत घातलं, मास्तरांनी सहा लिहिलं. पलटण दाखला बघते. दाखल्यानं तो गेल्या वर्षीच्या मे महिन्यातच सत्तावीस ओलांडून बसलाय. म्हणजे बौज्यूंसमोर पाठ ताठ करून बोलला तेव्हाच वेळ गेलेली होती!

"नाहीतर तू गेलीच नसतीस, हंसा. पिठ्या धरून बसली असतीस." डोळे ओले, पण हसत होता. "घरी मी सांगतो, माझ्याकडून मोडलं. तुला कुणी बोल लावणार नाही." मग म्हणाला, "वर्षभर खोटं बोललो तुझ्याशी. माफ कर." मी मान खाली घातली. तो उठला, दोन्ही घरी जाऊन तसंच सांगून आला. बौज्यू त्याला अंगणातून हाकलायला निघाले होते. त्यानं ऐकून घेतलं सगळं.

२७ सप्टेंबर

गेल्या वर्षी एकोणीस जूनला, ओढ्यात उतरताना, भिजू नये म्हणून त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं होतं. ओळखपत्र वरच होतं. जन्मतारीख वाचली, वर्षं बोटांवर मोजली, पाकीट मिटलं. इथेसुद्धा लिहिली नाही.

मला जायचं होतं.