डोक्यावर ठेवलेला हात

मंगळवार, संध्याकाळ

उजवा हात परक्याचा असल्यासारखा वाटतोय. भाजी घेऊन मंडईतून निघाले, तर समोरून प्रचाराचा घोळका आला आणि त्यातला उमेदवारच माझ्या पाया पडला. "बाई, वळखलं नाय? मी निलेश, सातवी ब!" कुणी वाकलं की माझा हात आपोआप डोक्यावर जातो. तसाच गेला. वर "यशस्वी हो"ही तोंडून निघालं, परीक्षेला निघालेल्या प्रत्येकाला म्हणते तसंच.

तासाभरात फोटो सगळ्या ग्रुपवर. खाली लिहिलंय, "बाईंचा आशीर्वाद निलेशलाच!" आणि शुक्रवारी मतदान केंद्रावर माझी ड्युटी, तीही त्याच्याच प्रभागात. कुणी तक्रार केली तर? निलंबन?

हे म्हणाले, "सांग, उमेदवार आहे हे माहीतच नव्हतं." पण त्याच्या गळ्यातला पक्षाचा पट्टा फोटोत लख्ख दिसतोय.

उद्या निवडणूक कार्यालयात स्वतःच जाऊन सांगते. हात सवयीने गेला, हे पटेल त्यांना. पण आत्ता फोटो पुन्हा पाहिला. हाताचं ठीक आहे, चेहऱ्याचं काय सांगू? किती वर्षांत इतकी खूश दिसले नव्हते मी.