खिडकीवाली खोली

५ जून

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कोटाचं कापड पोचलं. पण मापांखाली लिहिलंस, की आत माया ठेवू नकोस, आता मी कुठे जाडा होणार! दादा, शिवणीच्या आत बोटभर जादा कापड ठेवल्याशिवाय मी आजवर कुणाला कोट दिलेला नाही. वहिनी गेल्यापासून तू सगळंच बेताचं करत चाललायस. नवा चष्मा नको, कुंडीत रोप नको. मला राग येतो, आणि रडूही येतं.

माझं मात्र उलट. दुकानाच्या वरची खिडकीवाली खोली घ्यायचं मनात आहे. दुपारी मशीनवर डुलकी लागली की मी तिथेच असते. ऊन जमिनीवरून सरकत कापडावर चढतं आणि दिवा न लावता सुईत दोरा ओवता येतो. त्यासाठी तुझ्या लेकीने मला म्युच्युअल फंड सुरू करून दिलाय. दर महिन्याला थोडे पैसे आपोआप जातात. दहा वर्षं हात लावायचा नाही, म्हणाली. खोलीत एक खुर्ची तुझी. तूही सुरू कर ना.

लोभ आहेच, तो तरी मापात ठेवू नकोस.

तुझी,
चिमणी

१९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

दहा वर्षं! अगं, सत्तरी ओलांडलेलं पिकलं पान मी. माझी मुदत ठेव एकेका वर्षाची असते, त्यापुढचं मी बघत नाही. आणि बाजाराचा काय भरवसा? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. कोट बिनमायेचाच शीव.

डोळ्यांना जप. आमची आठवण असू द्यावी.

तुझा,
दादा

८ सप्टेंबर

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाजार पडला. आता एकदा म्हणून टाक, की मी सांगत नव्हतो का! फोनवर सगळे आकडे लाल. स्वप्नातल्या खोलीची खिडकीसुद्धा कुणी विटा लावून बुजवली. सगळं काढून घ्यायला निघाले होते. तुझी लेक म्हणाली, खात्री कुणीच देत नाही, पण आत्या, तुला हे पैसे उद्या लागणार आहेत का? नाही लागणार. मग राहू दिले.

ती हेही म्हणाली, की बाबा रोज फोन करून विचारतात, चिमणीचं किती झालं? लबाड!

कोट मी अजून कापलेला नाही. माया ठेवू देशील तेव्हाच कात्री लावीन. थंडीत कुडकुडलास तर मला बोल लावू नकोस.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
चिमणी

२५ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

एक घोटाळा झाला. लेकीने माझ्या फोनवर माझंही खातं उघडून ठेवलं होतं, कधी मन बदललंच तर असावं म्हणून. रविवारी ती माझ्याकडे आली होती. चहा ठेवायला गेली आणि मी तुझा आकडा शोधू लागलो. माझा हात तुला ठाऊक आहे. जन्मभर टपालात समोर येईल त्यावर शिक्का मारला. फोनने काही विचारलं, मी बटण दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. चहा येईपर्यंत माझा मासिक हप्ता सुरू! मुदत दहा वर्षं.

लेक हसून हसून खालीच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, बाबा, आत्ताच्या आत्ता रद्द करता येईल. रद्द करायला मी फोन घेतलाही. पण शिक्क्याला सरावलेला तो हात काही केल्या उठेना. चहा निवला. तुझी ती खोली मला दिसत होती. तुझी वहिनी तिथे नव्हती, याचं फार वाईट वाटलं. पण ऊन होतं, खुर्चीत मी होतो आणि ते माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. लेकीला म्हटलं, असू दे.

खुर्ची कुणाला दिली नसशील, तर ठेव. लोभ वाढता असावा.

तुझा,
दादा

ता. क. कोटाला माया ठेव. चांगली दोन बोटं ठेव.