टोपलीला हात

ग्रनोबल, फ्रान्स, १० मार्च १९९६

ती. आई,

इथूनच पाया पडतो. हे धनेशदादाकडून सावकाश वाचून घे. मी बरा हाय, नुसता दमलोय. कंबर पेणच्या डॉक्टरला दाखवलीस का?

बाबांच्या वर्षश्राद्धाला येणं जमणार नाय. इथलं मोठं यंत्र वापरायची माझी पाळी नेमकी त्याच आठवड्यात आलीय. तू विचारलंस, एवढं काय बघतोस त्यात? आमच्या स्फटिकात तांब्याचे अणू असतात, प्रत्येक जण इवलासा चुंबक. पण दोघं-दोघं जोडीने असे गप्प बसतात की बाहेरून काहीच कळत नाय. शुद्ध स्फटिक तपासण्यात वर्ष गेलं. मग मुद्दाम जस्ताची भेसळ केली. जस्ताने एकाची जागा घेतली, त्याचा जोडीदार एकटा उरला. तेव्हा कुठे तो यंत्रात दिसला, आणि जोडी होती हेही कळलं.

मिठागरात तू नि बाबा दिवसभर एक शब्द बोलत नसायचात. मला वाटायचं, तुमचं पटत नाय. पण टोपली भरली की बाबा न बोलावता यायचे, उचलून तुझ्या डोक्यावर द्यायचे.

वहिनीने लिहिलंय, टोपली भरून तू अजून तशीच उभी राहतेस, कुणाला हाक मारत नायस.

आई गो, आता हाक मारत जा.

तुझा,
हरेश