पाचवे कडवे होईपर्यंत मला उचलू नये

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीने घड्याळजींना चौथ्या कडव्यावर पुरले. हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे. वय, दुखणे किंवा डॉक्टरांचा सल्ला हे कारण नव्हे.

मी, या ल्यूथरन मंडळीची ऑर्गनवादक आणि गायनवृंदाची शिक्षिका, एके काळी कॉलेजात संगीत आणि तर्कशास्त्र शिकलेली, विधवा, एका मुलीची आई, हे पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले, ते वाया गेले. मी आणि माझ्या यजमानांनी यापूर्वी जे जे तोंडी कबूल केले असेल, विशेषतः जेवणाच्या टेबलावर आणि भावजींच्या समक्ष, ते सारे आजपासून रद्द समजावे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, मंडळीच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष.

आधी कारण नीट सांगते, म्हणजे पुढच्या अटी लहरी वाटणार नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक गीताचे शेवटून दुसरे कडवे वाद्याशिवाय गायचे. मी पट्ट्यांवरून हात उचलते, पाय मागे घेते, आणि मंडळी स्वतःच्या गळ्यावर उभी राहते. याला आम्ही उघडे कडवे म्हणतो. शेवटच्या कडव्याला ऑर्गन परत आला की मंडळी सुरात राहिली की घसरली हे सगळ्यांना एकदम कळते. घसरली तर पुढच्या रविवारी लोक जरा कान देऊन गातात. ही रीत प्राचीन वगैरे नाही. मीच पाडली, लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हा. त्या वेळी मी नव्या चालीही आणल्या, आणि पहिल्या रांगेतल्या बायका पुस्तकांची पाने मुद्दाम फडफडवत बसत. सासूबाई म्हणाल्या, "देवाला हे ओळखीचं वाटायचं नाही." मी म्हटले, "त्याची ओळख करून घ्यायची तयारी असते, सासूबाई. प्रश्न तुमचा आहे." तेव्हा जुन्याला कवटाळून बसलेली बाई असे मला कोणी म्हणू नये.

कार्यकारी मंडळाने उपासनेचे नूतनीकरण काढले. वेदीच्या बाजूला गीतांचे शब्द दाखवणारा पडदा आला, खांबांवर ध्वनिवर्धक चढले, आणि गीतांना बाहेरून मागवलेले तयार संगीत वाजू लागले. यंत्र हात उचलत नाही. त्यामुळे उघडे कडवे आपोआप गेले. लोक हळूहळू ओठ हलवू लागले, मग तेही थांबले. आमच्या पंथाने चारचौघांच्या तोंडी त्यांच्याच भाषेतले गाणे दिले, म्हणून तर आपण वेगळे झालो. ते गाणे आम्ही खांबावर टांगले.

घड्याळजी माझ्या वृंदातले वरच्या पट्टीचे पुरुष गायक. घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करून सरावाला यायचे, भिंग कपाळावर तसेच. त्यांच्या दफनविधीला जे गीत होते त्याची पाच कडवी आहेत. चार कडव्यांत माणूस आजारी पडतो, मरतो, मातीत जातो आणि वर दगड ठेवला जातो. पाचव्यात दगड हलतो. मागवलेल्या संगीतात चारच कडवी होती. चौथे संपले, खांब गप्प झाले, आणि मंडळी, जी कोणे एके काळी वाद्याशिवाय गायची, तीही गप्प बसली. वाहणाऱ्यांनी शवपेटी उचलली. मी जागेवरून पाचवे कडवे सुरू केले. एकटीने.

भावजींनी माझा कोपर धरला. "वहिनी, पुरे. लोक बघताहेत."

"बघू देत. गाणं संपलेलं नाही."

"अहो, यंत्रात एवढंच होतं."

"मग यंत्राला पुरा. या माणसाला पुढचं कडवं येत होतं."

पेटी दारापर्यंत पोहोचली होती. ती थांबली नाही. घड्याळजींच्या थडग्यावरचा दगड अजून आमच्या बाजूने हललेला नाही, हे मी देवाला सांगेनच. तो आमच्या चुका सांभाळून घेतो, पण म्हणून त्या कराव्यात असे नाही.

त्यानंतर मंडळाचा ठराव आला: बाईंना प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती द्यावी, ऑर्गन बंद ठेवावा, आणि बाईंच्या सेवेची संगमरवरी पाटी भिंतीत बसवावी. माझी प्रकृती अशी आहे की ऑर्गनच्या सज्जाचा जिना मी एका दमात चढते. भावजी मधल्या वळणावर कठडा धरून नक्षी बघतात. पाटी बसवल्यास ती काढण्याचा अधिकार मी माझ्या मुलीला देत आहे. छिन्नी स्वयंपाकघराच्या खणात आहे.

आता वाटण्या.

पहिले, घर. चर्चसमोरचे हे दुमजली घर माझ्या आणि यजमानांच्या कष्टाचे आहे. मंडळ त्यावर गाड्या लावण्याच्या जागेचा नकाशा काढून बसले आहे, तो मी पाहिला आहे. वरचा मजला माझ्या मुलीचा. खालची मोठी खोली गायनवृंदाची, मंडळाची नव्हे. जोवर चार स्वर गाणारी चार माणसे तिथे जमतात तोवर. चारांची तीन झाली तर चौथा शोधावा, सबब सांगू नये. त्या खोलीत ध्वनिवर्धक आणू नये. नवे गीत, नवी चाल, गिटार, ढोल, काहीही आणावे; मला आवडेलच असे नाही, पण मी तिथे नसेन. मंडळाने या कलमाविरुद्ध कोर्टात पाऊल टाकले तर सबंध घर मुलीचे, आणि तिने खाली केशकर्तनालय काढले तरी माझे आशीर्वाद आहेत.

मुलगी म्हणाली, "आई, काका आहेत ते. मेल्यावरही भांडणार का?"

मी म्हटले, "जिवंतपणी उरकत नाहीये, काय करू?"

दुसरे, शिल्लक. बँकेतले जे असेल त्यातून चर्चच्या ऑर्गनच्या भात्याला नवे चामडे बसवावे. काम ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला थेट द्यावे. मंडळाकडे दिल्यास त्याचा आणखी एक पडदा होईल. ऑर्गन वाजवू देणार नाहीत, मग चामडे कशाला, असे कोणी विचारील. मंडळे बदलतात. चामडे चांगले असले तर टिकते.

तिसरे, माझी घरातली पायपेटी. ही घाईबाईला. शाळेत गणित शिकवते, माझ्याकडे लहानपणापासून शिकली, आणि आजही प्रत्येक गीत पाठीमागे कुत्रे लागल्यासारखे वाजवते. मी तिला हजारदा सांगितले, लोकांना श्वास लागतो. ती म्हणते, "बाई, तुमच्या वेळेला लोक श्वास घेऊन झोपायचे." उद्धट आहे. पण उघड्या कडव्याला ती हात उचलते, आणि पूर्ण उचलते. सुराला बोट लावून ठेवण्याची चोरी करत नाही. शिवाय तिने संध्याकाळच्या स्तोत्राला बांधलेली चाल मी तिच्या तोंडावर वाईट म्हटली होती. ती वाईट नाही. हे तिला मी गेल्यावरच वाचायला द्यावे.

चौथे, सुरकाटा, म्हणजे सूर देणारा पोलादी चिमटा. हा आमच्या तरुण पाळकांना. मंडळात ठरावाच्या वेळी ते छताकडे बघत होते, हे मला ठाऊक आहे. तरी माणूस वाईट नाही. मला म्हणाले होते, "बाई, तरुण मुलं येत नाहीत हो."

"आल्यावर त्यांना काय काम देता?"

"म्हणजे?"

"ऐकायचं काम देता. त्यांच्या कानात दिवसभर काहीतरी खुपसलेलंच असतं. तोंडाला काम द्या."

उपासनेतला पाळकांचा भाग ते गात नाहीत, वाचतात. आवाजाची लाज वाटते. सुरकाटा गुडघ्यावर आपटावा, कानाशी धरावा आणि पहिली ओळ गावी. बेसूर झाली तर मंडळी सावरून घेईल. ती त्यासाठीच असते.

पाचवे, बैठकीतले भिंतीवरचे घड्याळ. हे वृंदातल्या शेपटीला. हे नाव तिला यजमानांनी दिले, कारण सगळे थांबल्यावर तिचा शेवटचा सूर शेपटीसारखा मागून येतो. घड्याळ समोर लावून तिने सूर कधी संपला ते पाहावे.

यजमानांचे मागे उरलेले सामान म्हणजे हत्यारांची पेटी. ते बर्फाच्या कारखान्यात यंत्रदुरुस्ती करत. प्रवचनाला हमखास झोपत आणि गीताच्या पहिल्या सुराला हमखास जागे होत. आवाज जाड, सूर जवळपास. मी एकदा म्हटले, "तुम्ही नुसते ओठ हलवा." ते म्हणाले, "ओठ हलवायला मी काय मासा आहे?" आणि गात राहिले. हत्यारे भावजींना द्यावीत. भावाची आहेत. त्यांच्याविषयी माझी जी तक्रार आहे ती हत्यारांना लागू नाही.

सहावे, माझा दफनविधी. ऑर्गनच्या पायपट्ट्या वाजवताना घालते ते पातळ तळाचे बूट माझ्या पायात घालावेत. फुले थोडी. माझ्याविषयी कोणी बोलू नये, भावजींनी तर नाहीच. गीत तेच, पाच कडव्यांचे. वाजवणारे कोणी नसल्यास पाचही कडवी उघडी गावीत. खांबांतून एक सूर जरी निघाला तरी वाहणाऱ्यांनी पेटी खाली ठेवून घरी जावे. मी थांबेन. मला कुठे जायचे नसेल. पाचवे कडवे शेवटच्या शब्दापर्यंत होईपर्यंत मला उचलू नये. शब्द येत नसतील तर आतापासून पाठ करावेत; मी मरेपर्यंत अवधी आहे, आणि मी तो कमी करणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. तिला गाता येत नाही, पण ती कोणाला घाबरत नाही.

हे लिहिलेले मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले, त्यांनी ऐकले, आणि तिघांनी एकमेकांदेखत सह्या केल्या. घाईबाई तेवढा वेळ बाहेर उभी होती.

स्थळ: माझे घर, खालची मोठी खोली.
दिनांक: उपासना-वर्षाचा पहिला रविवार, दुपार.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिले: दाताचे डॉक्टर, शेजारी (सही)
साक्षीदार दुसरे: चष्मेवाले, कोपऱ्यावरचे (सही)

आजच केलेल्या ताब्याची नोंद:

पायपेटी घाईबाईच्या ताब्यात दिली. मरणाची वाट बघण्याइतका वेळ नाही. ती याच खोलीत राहील आणि आजपासून सराव घाईबाई घेईल. तिने तिसऱ्या कलमाविषयी विचारले, सांगितले नाही.

चर्चच्या ऑर्गनची चावी मंडळाच्या अध्यक्षांच्या ताब्यात दिली. ते ती मागायला स्वतः आले, तेव्हा सराव सुरू झाला होता. मी चावी हातावर ठेवली, त्यांनी खिशात घातली. "येतो मी, वहिनी," म्हणाले आणि गीत संपेपर्यंत दारात उभे राहिले. उघड्या कडव्याला त्यांचे ओठ हलत होते असे दाताच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. चष्मेवाल्यांना तसे दिसले नाही. मी पाठमोरी होते. मला फक्त खालच्या पट्टीत एक आवाज जास्त ऐकू आला.